सूक्ष्म अध्यापन, चित्रफीत आणि प्रत्याभरण : शिक्षक-प्रशिक्षणातील एका तंत्राचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

बी.एड. महाविद्यालयात अध्यापन केलेल्या कोणालाही सूक्ष्म अध्यापनाचे दृश्य परिचित आहे. सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, समोर विद्यार्थ्यांच्या भूमिकेत बसलेले सात-आठ सहाध्यायी, मागील बाकावर निरीक्षण तक्ता भरणारे दोघे आणि घड्याळाकडे लक्ष ठेवणारा एक मार्गदर्शक. या तंत्राचा जन्म चित्रफीत यंत्राच्या सान्निध्यात झाला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील एका वाक्यापुरतीच आपल्या वाचनात येते. छात्राध्यापकाने स्वतःचे अध्यापन पाहावे, त्यावर कोणाशी तरी बोलावे आणि तोच पाठ पुन्हा घ्यावा, हा या तंत्राचा गाभा होता.

भारतात हे तंत्र आले तेव्हा चित्रफीत यंत्र गळून पडले, हे सर्वजण सांगतात. त्याच वेळी खरा विद्यार्थीही गळून पडला, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. या दोहोंपैकी दुसरी हानी अधिक दूरगामी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते तपासून पाहण्यासाठी या तंत्राचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहणे आवश्यक आहे.

स्टॅनफर्ड येथील प्रारंभ

अध्यापन शिकताना नेमके काय पाहावे, हा प्रश्न कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन ड्यूई यांनी १९०४ मध्ये शिक्षणातील सिद्धांत आणि व्यवहार यांच्या संबंधावर जो निबंध लिहिला, त्यात उमेदवारी पद्धत आणि प्रयोगशाळा पद्धत असा भेद केला आहे. उमेदवारी पद्धतीत नवशिक्या शिक्षक वर्ग ताब्यात ठेवण्याची हातोटी लवकर आत्मसात करतो. परंतु त्यामुळे त्याची नजर मुलांच्या बाह्य अवधानावर खिळते. मुले सरळ बसली आहेत, फळ्याकडे पाहत आहेत, एवढ्यावर तो समाधान मानतो. त्यांच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याची दृष्टी त्याला येत नाही आणि पुढे कितीही वर्षे शिकविले तरी ती आपोआप येईल याची खात्री नसते. ड्यूई यांचा हा इशारा पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावा लागेल.

चित्र आणि ध्वनी फितीवर नोंदविणारे, व्यवहारात वापरता येण्याजोगे यंत्र ॲम्पेक्स या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये सादर केले. दोन इंच रुंदीची फीत वापरणारे ते अवजड यंत्र सुमारे पन्नास हजार डॉलर किमतीचे होते. दूरचित्रवाणी केंद्रांखेरीज कोणाला ते परवडण्यासारखे नव्हते. पुढील काही वर्षांत यंत्रे लहान आणि स्वस्त होत गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट बुश आणि ड्वाइट ॲलन यांनी फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने माध्यमिक शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम चालविला होता. तेथे अशा यंत्राचा उपयोग सुरू झाला आणि १९६३ च्या सुमारास या पद्धतीला सूक्ष्म अध्यापन हे नाव मिळाले.

स्टॅनफर्डची मूळ रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पाठ सुमारे पाच मिनिटांचा असे. समोर चार-पाच विद्यार्थी बसत. ते खरोखरीचे शाळकरी विद्यार्थी असत आणि उन्हाळी सत्रात या कामासाठी त्यांना मोबदला दिला जाई. पाठ संपताच छात्राध्यापक आणि मार्गदर्शक एकत्र बसून चित्रफीत पाहत. विद्यार्थीही मूल्यांकन प्रपत्र भरून आपले मत देत. थोड्या अवधीनंतर तोच पाठ नव्या विद्यार्थिगटासमोर पुन्हा घेतला जाई. म्हणजे छात्राध्यापकाला तीन ठिकाणांहून माहिती मिळत होती : फितीवरून, मार्गदर्शकाकडून आणि ज्यांना शिकविले त्या मुलांकडून. ॲलन आणि केव्हिन रायन यांचे ‘मायक्रोटीचिंग’ हे पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील चौदा कौशल्यांची यादी जगभर गेली. मुलांनी भरलेले प्रपत्र मात्र तितके दूर गेले नाही.

या प्रकल्पातील कीथ ॲचेसन यांनी १९६४ मध्ये स्टॅनफर्डला जो पीएच.डी. प्रबंध सादर केला, त्याचा विषयच मुळी दूरचित्रवाणी ध्वनिचित्रमुद्रणातून मिळणारे प्रत्याभरण आणि मार्गदर्शनाचे तीन प्रकार असा होता. यंत्र आणि माणूस या दोहोंचा एकत्रित विचार प्रारंभापासून झाला होता, हे यावरून दिसते. फीत दाखविली की काम झाले, अशी समजूत मूळ संशोधकांची नव्हती.

आरशातील प्रतिमा

मार्गदर्शकाशिवाय हे काम होऊ शकेल काय, याचाही प्रयोग झाला. कॅलिफोर्नियातील फार वेस्ट प्रयोगशाळेत वॉल्टर बोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवेतील शिक्षकांसाठी ‘मिनिकोर्स’ तयार केले. त्यावरील त्यांचे पुस्तक १९७० मध्ये आले. शिक्षकाने आदर्श पाठाची फिल्म पाहावी, आपल्याच शाळेतील थोड्या विद्यार्थ्यांसह लहान पाठ घेऊन त्याचे चित्रण करावे आणि दिलेल्या प्रपत्राच्या आधारे स्वतःच ते तपासावे, अशी त्याची योजना होती. प्रत्यक्ष मार्गदर्शक येथे नव्हता. परंतु त्याची जागा प्रपत्राने घेतली होती. कोठे पाहावे हे ते प्रपत्र सांगत होते.

असे काहीच नसेल तर काय होते, याचे उत्तर फ्रान्सिस फुलर आणि ब्रॅड मॅनिंग यांनी १९७३ मध्ये ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’ या नियतकालिकात लिहिलेल्या विस्तृत आढाव्यात सापडते. शिक्षक-प्रशिक्षणाबरोबरच मानसोपचारातील अभ्यासही त्यांनी विचारात घेतले होते. स्वतःला पडद्यावर पाहणारी व्यक्ती प्रथम पाहते ती आपले रूप, आपला आवाज, हातांच्या हालचाली. जे पाहायला हवे ते तिला दिसतेच असे नाही. कित्येकांना हा अनुभव ताण देणारा असतो आणि आधीच आत्मविश्वास कमी असलेल्या व्यक्तीला तो अपायकारकही ठरू शकतो. लक्ष कोठे केंद्रित करावे हे सांगणारे दुसरे माणूस सोबत असेल आणि दिसलेली उणीव दूर करणे त्या व्यक्तीच्या आवाक्यात असेल, तरच या दर्शनाचा उपयोग होतो, असा त्या आढाव्याचा आशय होता. स्वतःच्या पाठाचे चित्रण पहिल्यांदा पाहणाऱ्या कोणत्याही छात्राध्यापकाच्या शेजारी बसले असता याचा पडताळा येतो. पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘माझा आवाज असा आहे?’ हीच असते. वर्गातील तिसऱ्या बाकावरील मुलीने अर्धवट सोडलेले उत्तर त्याला ऐकूच आलेले नसते.

आरशातील या प्रतिमेपासून दूर जाण्याचा एक मार्ग म्हणजे मोजणी. नेड फ्लँडर्स यांची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती याच काळात लोकप्रिय झाली. दर तीन सेकंदांनी वर्गात काय चालले आहे याची नोंद करावयाची आणि तिचे दहा वर्गांत वर्गीकरण करावयाचे. आपल्याकडेही कित्येक वर्षे ही पद्धती अभ्यासक्रमात होती आणि तिच्या सारण्या तयार करताना छात्राध्यापकांची जी दमछाक होई, ती अनेक प्राध्यापकांना आठवत असेल. या दहा वर्गांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, केवळ दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांतता किंवा गोंधळ यांचा आहे. शिक्षक किती बोलतो हे दाखवून देण्याचे मोठे काम या पद्धतीने केले, हे मान्य करावे लागेल. तथापि विद्यार्थी काय बोलला, चूक बोलला तर कोणत्या विचाराने चुकला, हे त्या सारणीत उतरत नाही.

ब्रिटनमध्ये स्टर्लिंग विद्यापीठातील डोनाल्ड मॅकिन्टायर आणि गॉर्डन मॅक्लाउड यांनी १९७७ च्या सुमारास याविषयी मूलभूत शंका उपस्थित केली. सूक्ष्म अध्यापनाने वर्तनात बदल होतो, असे मानले जात होते. त्यांच्या मते खरा बदल होतो तो अध्यापनाविषयीच्या विचारात. कौशल्याची नावे आणि त्यांमागील संकल्पना छात्राध्यापकाला स्वतःचा पाठ समजून घेण्याची भाषा पुरवितात. ही भूमिका आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती. तिच्याऐवजी आपल्याकडे आली ती कौशल्यांची यादी.

भारतीय प्रतिमान

भारतात या तंत्राचा पहिला प्रयोग अलाहाबाद येथील शासकीय केंद्रीय अध्यापनशास्त्र संस्थेत डी. डी. तिवारी यांनी १९६७ मध्ये केला, असे सामान्यतः मानले जाते. पुढील महत्त्वाचे कार्य बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात झाले. बी. के. पासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे कौशल्यांची निश्चिती, निरीक्षण साधने आणि साहित्यनिर्मिती यांचे चिकाटीने काम केले. पासी यांचा ‘बिकमिंग बेटर टीचर’ हा ग्रंथ १९७६ चा. त्यात तेरा कौशल्ये दिलेली आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९७५ पासून बडोद्याच्या केंद्राच्या सहकार्याने प्रकल्प हाती घेतला आणि त्यातून आज आपण ज्याला भारतीय प्रतिमान म्हणतो ते आकाराला आले.

त्या काळाची साधनस्थिती लक्षात घेतल्याशिवाय या प्रतिमानाचे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल. तिवारी यांनी प्रयोग केला तेव्हा देशात दूरचित्रवाणीचे केंद्र केवळ दिल्लीला होते. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुण्याचे १९७३ मध्ये. ज्या महाविद्यालयाच्या परिसरात कोणाच्या घरी दूरचित्रवाणी संच नाही, तेथे चित्रफीत यंत्राची अपेक्षा कशी करावी? म्हणून चित्रफितीच्या जागी निरीक्षक आले. सहाध्यायी आणि मार्गदर्शक यांनी तक्ता भरावा आणि त्याच्या आधारे प्रत्याभरण द्यावे, असे ठरले. दुसरा बदल शाळांशी संबंधित होता. रोज वेगवेगळ्या वर्गांतून पाच-सात मुले सोडण्यास शाळा राजी होणे कठीण; म्हणून सहाध्यायांनीच विद्यार्थ्यांची भूमिका करावी, असा अभिरूप अध्यापनाचा मार्ग स्वीकारला गेला. दोन्ही निर्णय व्यावहारिक होते. त्यांमुळेच हे तंत्र देशभरातील सामान्य महाविद्यालयांपर्यंत पोहोचू शकले, हे श्रेय बडोद्याच्या आणि दिल्लीच्या संशोधकांना निःसंशय द्यावे लागेल.

या प्रतिमानाचे वेळापत्रक असे : अध्यापन ६ मिनिटे, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनर्अध्यापन ६, पुनर्प्रत्याभरण ६, एकूण ३६ मिनिटे. ही विभागणी बारकाईने पाहिली तर तिच्या कर्त्यांची दृष्टी स्पष्ट होते. छत्तीस मिनिटांत शिकविण्याला केवळ बारा मिनिटे आहेत. उरलेली चोवीस मिनिटे ऐकणे, विचार करणे आणि पाठ टाचण नव्याने लिहिणे यांसाठी आहेत. चिंतनशील अध्यापन हा शब्द आपल्याकडे रूढ होण्याच्या कितीतरी आधी या वेळापत्रकाने चिंतनाला दोन-तृतीयांश वाटा दिला होता.

प्रत्यक्षात काय झाले? दहा छात्राध्यापकांचा एक गट आणि पाच कौशल्ये घेतली तर पन्नास चक्रे होतात. एकाचे पुनर्नियोजन चालू असता दुसऱ्याचा पाठ घेतला, तरी प्रत्येक चक्राची चोवीस मिनिटे गटासमोर जातात. म्हणजे वीस तास. पुनर्अध्यापन वगळून केवळ पाठ घेतला आणि ‘चांगला झाला, आवाज थोडा वाढवा’ एवढ्यावर प्रत्याभरण आटोपले, तर हेच काम पाच-सहा तासांत उरकते. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात सेतूपाठ, सराव पाठ, प्रात्यक्षिके आणि परीक्षा बसवताना कात्री कोठे लागली असेल, हे सांगावयास नको. पाठ राहिला, कारण त्याची नोंद वहीत होते. पुनर्अध्यापनाचे रकाने बहुशः घरी बसून भरले गेले. मार्गदर्शक म्हणून अशा वह्यांवर स्वाक्षरी करण्याचा दोष प्रस्तुत लेखकाकडेही येतो.

कात्रीचा दोष वेळापत्रकाचा होता. अभिरूप वर्गाचा दोष मात्र प्रतिमानात अंगभूत होता. प्रश्न विचारण्याच्या कौशल्याचा पाठ डोळ्यांसमोर आणावा. इयत्ता सातवीचा अपूर्णांकांचा घटक आहे आणि समोर बसलेले सर्वजण पदवीधर आहेत. शिक्षक विचारतो, ‘एक-तृतीयांश मोठा की एक-चतुर्थांश?’ खऱ्या वर्गात चार मोठे म्हणून एक-चतुर्थांश मोठा, असे सांगणारी मुले हमखास असतात आणि अध्यापनाचा आरंभ तेथूनच होतो. अभिरूप वर्गात मात्र पहिलाच हात बरोबर उत्तर देतो. एखादा सहाध्यायी मुद्दाम चुकीचे उत्तर देतोही. पण ते विनोदासाठी असते, त्यामागे बालकाचे तर्कशास्त्र नसते. परिणामी छात्राध्यापकाने प्रश्न किती विचारले, शाबासकी किती वेळा दिली, फळ्यावर कसे लिहिले, एवढेच निरीक्षकाला नोंदविता येते. पाहण्यासारखे दुसरे काही त्या खोलीत घडतच नाही. ड्यूई यांनी ज्याला बाह्य अवधान म्हटले होते, त्याचेच हे प्रशिक्षण झाले. चेतक बदल, प्रबलन, सज्जता प्रवर्तन ही नावे पाठ झाली. ज्याच्यासाठी चेतक बदलावयाचा तो विद्यार्थी अनुपस्थित राहिला.

कॅमेऱ्याची दिशा

पाश्चात्त्य देशांत १९८० नंतर विचाराची दिशा बदलली. डोनाल्ड शॉन यांच्या १९८३ मधील ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या ग्रंथाने व्यावसायिक ज्ञान कृती करता करता कसे घडते याची चर्चा केली. वास्तुशिल्पाच्या स्टुडिओत विद्यार्थिनी आणि तिचे गुरू एका आराखड्यावर बोलत आहेत, हे त्यातील प्रसिद्ध उदाहरण आहे. चिंतन एकांतातच होते असे नाही. हाती घेतलेल्या कामावर दोघांनी बोलताना ते घडते, हा त्यातील भाग आपल्याकडे फारसा उचलला गेला नाही. आपण चिंतन-दैनंदिनी स्वीकारली, कारण ती तपासून गुण देता येतात.

चित्रफितीच्या उपयोगातही बदल झाला. गणित व विज्ञानाच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या अंतर्गत १९९० च्या दशकाच्या मध्यास जर्मनी, जपान आणि अमेरिका येथील इयत्ता आठवीच्या २३१ गणित-पाठांचे चित्रण करण्यात आले. जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हायबर्ट यांनी त्यावर आधारित पुस्तक १९९९ मध्ये लिहिले. वेगवेगळे शिक्षक कमीअधिक कुशल असले तरी एका देशातील पाठांना एक समान घडण असते, असे त्यांना आढळले. म्हणजे व्यक्तीचे दोष शोधण्याऐवजी अध्यापनाची रीत अभ्यासण्यासाठी कॅमेरा वापरला गेला.

मिरियम शेरिन आणि एलिझाबेथ व्हॅन एस यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. छात्राध्यापकांनी स्वतःच्या वर्गाचे चित्रण संगणकावर पाहावे, त्यातील एखादी लक्षणीय घटना निवडावी, तिच्या पुष्ट्यर्थ चित्रणातील पुरावा द्यावा आणि मग तिचा अर्थ लावावा, अशी त्यांची रीत होती. विद्यार्थ्यांचा विचार, शिक्षकाची भूमिका आणि वर्गातील संवाद ही पाहण्याची क्षेत्रे होती. प्रारंभी काय झाले याचे क्रमवार वर्णन आणि त्यावर चांगले-वाईट असे शेरे देणारे छात्राध्यापक हळूहळू मोजक्या घटनांवर थांबून पुराव्यानिशी बोलू लागले. फुलर आणि मॅनिंग यांनी सांगितलेली लक्ष वेधून देण्याची गरज येथे पूर्ण झाली होती. फरक एवढाच की लक्ष आता शिक्षकाच्या हातवाऱ्यांवरून मुलांच्या बोलण्याकडे वळले होते.

याच साधनाचा परीक्षेसाठी उपयोग झाला की त्याचे स्वरूप कसे पालटते, याचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. ‘एडटीपीए’ या मूल्यांकनात उमेदवाराने आपल्या पाठाचे चित्रण आणि त्यावरील लेखी विवेचन बाहेरच्या परीक्षकांकडे पाठवावयाचे असते. न्यूयॉर्क राज्याने शिक्षक-परवान्यासाठी ते २०१४ पासून आवश्यक केले आणि २०२२ मध्ये ती अट काढून टाकली; जॉर्जिया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी तत्पूर्वीच ती रद्द केली होती. ज्या चित्रणावर आपली नोकरी अवलंबून आहे त्यात कोणता उमेदवार आपला फसलेला प्रसंग दाखवील?

भारतात २००९ च्या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ठरावीक संख्येचे सुटे पाठ पूर्ण करण्याच्या पद्धतीवर टीका केली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि एकूण वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आणली. चार दशकांपूर्वी निसटलेला खरा विद्यार्थी त्यामुळे निदान कागदोपत्री छात्राध्यापकासमोर दीर्घकाळ आला. योगायोगाने याच वर्षांत निसटलेला कॅमेराही परत आला. स्टॅनफर्डला जे यंत्र फोर्ड प्रतिष्ठानाच्या निधीतून चालणाऱ्या कार्यक्रमात वापरता आले, त्याहून किती तरी चांगले यंत्र आज छात्राध्यापकाच्या खिशात असते. मुलांच्या चित्रणासाठी पालकांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तो दुर्लक्षिण्याजोगा राहिलेला नाही. परंतु तो सोडविता येण्यासारखा आहे.

आंतरवासितेत घेतलेली अशी चित्रणे आता अहवालासोबत जोडली जातात. त्यांतील बहुसंख्य चित्रणांत भ्रमणध्वनी शेवटच्या बाकावर उभा केलेला असतो. पडद्यावर फळा दिसतो, फळ्यासमोर छात्राध्यापक दिसतो आणि खालच्या बाजूला मुलांची डोकी पाठमोरी दिसतात. मूल उत्तर देते तेव्हा त्याचा आवाज यंत्रापर्यंत पोहोचत नाही. पाठोपाठ येणारे शिक्षकाचे ‘छान’ तेवढे ऐकू येते. तोच भ्रमणध्वनी फळ्याच्या कडेला, मुलांच्या तोंडासमोर ठेवून पाहण्यास एका आंतरवासितेचा अवधी पुरेसा आहे. आणि मार्गदर्शकाला त्या चित्रणातील कोणतीही तीन मिनिटे निवडून छात्राध्यापकाला विचारता येईल की, हे मूल येथे असे का म्हणाले असावे?